पॅरालिसिसच्या पेशंटची लघवीची नळी: का घालतात, कधी काढायची आणि काढल्यावर काय होतं

मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. स्ट्रोक (मेंदूचा झटका, ज्यानं पॅरालिसिस होतो) होऊन दवाखान्यातून नुकत्याच घरी आलेल्या माणसाच्या खोलीत शिरले, की हातपाय बघायच्या आधी माझी नजर पलंगाच्या कडेला जाते. तिथे बऱ्याचदा एक पिशवी लटकत असते, अर्धी भरलेली. मी घरच्यांना विचारते, "ही नळी कशासाठी ठेवलीय?" उत्तरं जवळपास ठरलेली आहेत. "दवाखान्यातून तशीच दिली." "पॅरालिसिस आहे ना, म्हणून." "काढली तर सारखे कपडे बदलावे लागतील म्हणाले." डिस्चार्ज कार्डावर दहा गोळ्यांची नावं, वेळा, सगळं नीट लिहिलेलं असतं. नळी कोणत्या तारखेला घातली, कशासाठी घातली आणि कधी काढायची, याबद्दल मात्र अनेकदा एक ओळही सापडत नाही.

पॅरालिसिस झाला म्हणजे लघवीची नळी लागतेच, असं नाही. ती घालायला काही कारण असावं लागतं, आणि ते कारण संपलं की ती निघायला हवी. बऱ्याच घरांत कारण कधीच संपलेलं असतं आणि नळी तेवढी मागे राहिलेली असते. ती कधी काढायची हे डॉक्टरच ठरवतील, पण "आता काढता येईल का?" हा प्रश्न घरच्यांनीच विचारावा लागतो. तो नीट विचारता यावा म्हणून आत नेमकं काय बिघडतं आणि काय सुधारतं, ते सांगते.

पिशवी, झडप आणि मेंदूची परवानगी

मूत्राशय म्हणजे स्नायूंची पिशवी. किडन्या दिवसरात्र थेंब थेंब लघवी तयार करत असतात, दिवसाला साधारण दीड लिटर. दीडशे-दोनशे मिलीलिटर साठली की पहिली जाणीव होते, चारशे-पाचशेपर्यंत पिशवी भरली की उठावंच लागतं. पिशवीच्या तोंडाशी झडपेसारखे स्नायू असतात. साठवताना पिशवी सैल आणि झडप घट्ट, सोडताना पिशवी आवळलेली आणि झडप सैल, असा हा उलटसुलट खेळ आहे. तो जुळवून आणणारं केंद्र मेंदूच्या देठात असतं आणि तिथून निरोप मणक्यातल्या मज्जारज्जूवाटे खाली जातात.

तान्ह्या बाळाचा कारभार एवढ्यावरच चालतो. पिशवी भरली की रिकामी. दोन-तीन वर्षांचं झालं की मूल एक नवी गोष्ट शिकतं: "थांब, अजून नाही." हे "थांब" म्हणणारा भाग मेंदूच्या पुढच्या बाजूला असतो. आपण एसटीत बसलोय, पुढचा स्टँड अर्ध्या तासावर आहे, तोवर धरून ठेवायचंय, हा हिशेब तिथे होतो. स्ट्रोकमध्ये अनेकदा हाच भाग, किंवा तिथून खाली जाणाऱ्या तारा दुखावतात. मग पिशवी पूर्ण भरायच्या आधीच आवळायला लागते. माणसाला अचानक, जोराची घाई होते आणि संडासापर्यंत पोहोचायच्या आत कपडे ओले होतात.

घरच्यांना मी हे मुद्दाम सांगते, कारण बहुतेकांना वाटतं की हात लुळा पडला तसं मूत्राशयही लुळं पडलं, आता ते गेलंच. तसं नसतं. किडन्या ठीक असतात, पिशवी ठीक असते. बिघडलेली असते ती वरून येणारी परवानगी. मेंदू सावरत जातो तशी हातापायासारखीच तीही सुधारते, आणि पुष्कळदा हातापेक्षा लवकर.

आकडे धीर देणारे आहेत. स्ट्रोकनंतर दवाखान्यात दाखल झालेल्या १०० जणांपैकी ४० ते ६० जणांचा लघवीवरचा ताबा गेलेला असतो. घरी जाताना हा आकडा २५ च्या आसपास येतो आणि वर्षभरानं साधारण १५ वर. सुरुवातीला ज्यांची चादर ओली होत होती, त्यातल्या बहुतेकांची ती कायमची अवस्था नसते.

ओली चादर एकच, कारणं उलटी

आता ज्या गोष्टीवरून सर्वांत जास्त गोंधळ होतो ती. स्ट्रोकनंतर लघवीचा त्रास एका प्रकारचा नसतो.

पहिला प्रकार वर सांगितला: पिशवी उतावीळ झालेली, घाई होते आणि सुटते.

दुसरा बरोबर उलटा. पहिल्या काही दिवसांत मेंदूला बसलेल्या धक्क्यानं काहींची पिशवी आवळतच नाही. लघवी तुंबते. त्यात वयस्कर पुरुषाला आधीपासून प्रोस्टेटचा त्रास असेल, जुना डायबेटिस असेल, पाच दिवस पोट साफ झालेलं नसेल, किंवा नैराश्यावर, नसांच्या दुखण्यावर देतात ती अमिट्रिप्टिलीनसारखी गोळी, सर्दीचं औषध चालू असेल, तर तुंबण्याची शक्यता वाढते. शिवाय आयुष्यभर उभं राहून लघवी केलेल्या माणसाला पलंगावर आडवं पडून, शेजारी सून उभी असताना, भांड्यात लघवी करायला सांगितलं तर ती होत नाही, यात नवल काहीच नाही.

फसगत होते ती इथे. तुंबलेली पिशवी काठोकाठ भरली की वरून थोडी थोडी सांडायला लागते. दर अर्ध्या तासाला थोडं ओलं, पुन्हा थोडं ओलं. घरच्यांना वाटतं, "लघवी तर सारखी होतेय." प्रत्यक्षात आत सातशे-आठशे मिलीलिटर साठलेली असते आणि बाहेर येतंय ते नुसतं ओसंडणं. अशा माणसाला कोणी घाई कमी करणारी गोळी दिली तर तो आणखी तुंबेल. उतावीळ पिशवीच्या माणसाला तुंबलंय समजून नळी घातली तर तो विनाकारण नळीत अडकेल.

फरक ओळखायचा उपाय साधा आहे. लघवी करून झाल्यावर आत किती उरली ते मोजायचं. मोठ्या दवाखान्यांत त्यासाठी ब्लॅडर स्कॅनर नावाचं छोटं यंत्र असतं. ते नसेल तर साध्या सोनोग्राफीतही कळतं, फक्त "लघवी करण्याआधी आणि केल्यानंतर" असं दोन्ही वेळा मोजायला सांगायचं. शंभर मिलीलिटरच्या आत उरत असेल तर सहसा चिंता नाही. तीनशेच्या वर उरत असेल तर ती बाहेर काढायची काहीतरी सोय करावी लागते. मधल्या आकड्यांना पेशंट बघून निर्णय. नळीबद्दल काहीही ठरवण्याआधी हा एक आकडा माहीत असायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

तिसरा प्रकार सोनोग्राफीत दिसत नाही. पिशवी ठीक, झडप ठीक, जाणीवही होते. पण वाचा गेल्यामुळे सांगता येत नाही. किंवा सांगितलं तर उठवायला कोणी येईपर्यंत दहा मिनिटं जातात. किंवा एका हातानं लेंग्याची नाडी सुटत नाही. किंवा संडास घरामागे अंगणापलीकडे आहे, नाहीतर चाळीच्या टोकाला. असं माणूस ओलं झालं तर दोष मूत्राशयाचा नाही, आणि त्याला नळी हा उपाय तर नाहीच.

नळी खरंच कधी लागते

लघवी तुंबली असेल आणि दुसऱ्या कशानं निघत नसेल, तर नळी हवीच. तिथे टाळाटाळ केली तर पिशवी ताणून तिचे स्नायू आणखी ढिले पडतात आणि किडन्यांवर दाब येतो. पेशंट आयसीयूत गंभीर असेल आणि तासातासाची लघवी मोजायची असेल, तर नळी हवी. कंबरेखाली मोठा बेडसोअर (पडून राहून होणारी जखम) झालाय आणि तो ओला राहून चिघळतोय, तर काही दिवस नळी योग्य. शेवटच्या आजारात हलवणंही वेदनेचं होत असेल, तर आरामासाठी नळी ठेवण्यात काही चूक नाही.

फक्त चादर ओली होते, एवढं कारण पुरेसं नाही. वॉर्डात रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट असतात ते मी पाहिलं आहे. सोय म्हणून नळी राहून जाते त्यामागे बहुधा माणसांची कमतरता असते, मनाचा कोतेपणा नसतो. तरी पेशंटच्या शरीराला त्याची किंमत मोजावी लागते ती लागतेच. अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन स्ट्रोक असोसिएशन यांच्या २०१६ सालच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की स्ट्रोकच्या पेशंटला नळी घातली असेल तर दाखल झाल्यापासून २४ तासांच्या आत ती काढावी. २४ तास! आणि मी तीन-तीन महिने जुन्या नळ्या पाहते.

नळी राहिली तर काय होतं

आपल्याकडे सर्रास वापरली जाते ती फोली कॅथेटर. अमेरिकेतले मूत्रविकारतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांनी १९३० च्या दशकात ती बनवली. तिच्या टोकाशी छोटा फुगा असतो. नळी मूत्राशयात पोहोचली की त्यात साधारण दहा मिलीलिटर निर्जंतुक पाणी भरतात, म्हणजे ती निसटत नाही. फार कामाची वस्तू आहे. पण शरीराच्या दृष्टीनं तो बाहेरून आत जाणारा एक उघडा रस्ता आहे.

जंतू या रस्त्यानं वर चढतात आणि नळीला आतून-बाहेरून बुळबुळीत थर धरतात. पाण्याच्या जुन्या टाकीला आतून शेवाळ धरतं तसा. नळी असताना दर दिवसामागे लघवीत जंतू येण्याची शक्यता साधारण ३ ते ७ टक्के धरतात. महिना झाला की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात.

मात्र जंतू सापडणं आणि इन्फेक्शन होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताप नाही, थंडी नाही, पेशंट नेहमीसारखा आहे, आणि सहज केलेल्या तपासणीत "बॅक्टेरिया" लिहून आलं, तर बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागत नाही. उगाच दिलं तर जंतू मरत नाहीत, मुरतात, आणि पुढे खरंच गरज पडेल तेव्हा ते औषध चालत नाही. थंडी वाजून ताप, ओटीपोटात किंवा पाठीत दुखणं, एकाएकी भ्रमिष्टपणा किंवा गुंगी, लघवीत रक्त, यांपैकी काही असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. स्ट्रोकच्या माणसाला इन्फेक्शन झालं की सुधारलेला हातसुद्धा तात्पुरता पुन्हा ढिला पडल्यासारखा वाटू शकतो. पण बळ अचानक गेलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर "इन्फेक्शन असेल" म्हणत घरी थांबायचं नाही. तो दुसरा झटकाही असू शकतो. थेट दवाखान्यात न्यायचं.

इन्फेक्शनखेरीज आणखीही असतं. नळी ओढली जाऊन मूत्रमार्गाला जखम होते. भ्रमात असलेला पेशंट फुगा फुगलेला असतानाच नळी उपटतो आणि रक्त येतं. गाळ साचून नळी चोंदते. मूत्राशय कळा काढून नळीच्या बाजूनं लघवी सोडतं, आणि घरचे म्हणतात, "नळी असून ओलं कसं?" त्यावर मोठ्या नंबरची नळी घालणं हा उपाय नाही. आधी नळीला पीळ पडलाय का, चोंदलीय का आणि पोट साफ आहे का, ते बघायचं.

माझ्या कामाच्या दृष्टीनं सांगायचं तर नळी हा पायातला दोर आहे. चालायला उठवायचं म्हटलं की आधी पिशवी सोडा, ती कोण धरणार ते ठरवा, ओढली जाईल म्हणून पेशंट अंग चोरतो. चार पावलं टाकायची ती दोनच टाकली जातात. स्ट्रोकनंतरचे पहिले तीन महिने सुधारणेला सर्वांत मोलाचे असतात. ते असे बांधलेल्या अवस्थेत गेलेले पाहिले की जीव तुटतो.

नळी आहे तोवर

पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. पेशंटला व्हीलचेअरवर घेताना ती मांडीवर ठेवण्याची सवय फार घरांत आहे. त्यानं पिशवीतली शिळी लघवी परत आत जाऊ शकते. नळी मांडीला चिकटपट्टीनं सैलसर अडकवावी, म्हणजे वळताना ओढ बसत नाही. पिशवी अर्ध्याच्या थोडी वर भरली की खालच्या तोटीनं रिकामी करायची. नळी आणि पिशवीचा जोड कारणाशिवाय उघडायचा नाही. हात आधी आणि नंतर धुवायचे. नळीभोवतीची जागा रोज अंघोळीच्या वेळी साध्या साबण-पाण्यानं धुवायची, डेटॉल किंवा बीटाडीन रोज लावायची गरज नाही. पुरुषांमध्ये धुताना मागे सारलेली कातडी आठवणीनं पुढे आणायची, नाहीतर सूज येऊन ती अडकते आणि रात्री धावपळ होते.

साधी लॅटेक्सची नळी चार आठवड्यांपलीकडे ठेवत नाहीत, सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत चालते. घातल्याची तारीख पिशवीवर मार्करनं लिहून ठेवा.

एका घरी गेले तर पिशवी चक्क जांभळी झालेली. घरचे भेदरले होते, कोणी म्हणे विषबाधा, कोणी म्हणे गोळ्यांचा रंग. नळी असलेल्या, बद्धकोष्ठ असलेल्या वयस्कर माणसांत कधीकधी असं होतं. आतड्यात तयार झालेल्या एका पदार्थावर लघवीतले जंतू काम करतात आणि निळे-तांबडे रंग पिशवीच्या प्लॅस्टिकला धरतात. रंग स्वतः घातक नसतो. डॉक्टरांना दाखवायचं, पोट साफ ठेवायचं आणि हीच संधी साधून "ही नळी अजून हवी आहे का?" विचारायचं.

काढायचा दिवस

बऱ्याच ठिकाणी नळी काढण्याआधी चार-पाच दिवस ती चिमट्यानं बंद करून दर दोन-तीन तासांनी सोडायला सांगतात, मूत्राशयाला सवय लागावी म्हणून. याला क्लॅम्पिंग म्हणतात. ऐकायला पटतं. पण थोड्या काळासाठी घातलेल्या नळीच्या बाबतीत या व्यायामानं स्पष्ट फायदा होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आणि बोलता न येणाऱ्या पेशंटची नळी बंद करून घरचे सोडायला विसरले, तर ती तुंबण्याची नवी वाट. तुमच्या डॉक्टरांनी काही खास कारणानं सांगितलं असेल तर कारण विचारा आणि तसं करा. पण "क्लॅम्पिंग झालं नाही म्हणून नळी काढली नाही" असं व्हायला नको.

काढण्याआधी खरं बघायचं ते असं: पोट साफ आहे ना, ताप नाही ना, लघवी अडवणारी एखादी गोळी बंद किंवा बदलता येईल का, प्रोस्टेट मोठं असेल तर टॅमसुलोसिनसारखं औषध काही दिवस आधी सुरू करायचं का. या औषधानं उठल्यावर बीपी उतरून चक्कर येऊ शकते, आणि तोल गेलेल्या माणसाला तेवढं निमित्त पुरतं. म्हणून पहिले काही दिवस त्याला आधी पलंगावर बसवून, मिनिटभर थांबून मगच उभं करायचं.

घरी काढायची असेल तर सकाळी काढावी, म्हणजे काही अडलं तर दिवसाउजेडी दवाखाना गाठता येतो. सिस्टर सिरिंजनं फुग्यातलं पाणी काढून घेतात आणि नळी अलगद बाहेर येते. नळी कात्रीनं कापून काढायचा प्रयोग घरी कधीही करू नका. नंतर नेहमीसारखं पाणी प्यायला द्यायचं, एकदम लोटाभर नाही. दोन-दोन तासांनी बसवून बघायचं. लघवी झाली की मापाच्या भांड्यात मोजून लिहायची. पहिल्या एक-दोन वेळा जळजळ होते, उन्हाळे लागल्यासारखं वाटतं, ते बहुधा दिवसभरात कमी होतं. सहा तासांत लघवीच झाली नाही, ओटीपोट फुगून कडक लागतंय, पेशंट तळमळतोय, किंवा नुसतं थेंब थेंब येतंय, तर दवाखान्यात जाऊन आत किती साठलीय ते मोजायचं.

तुंबलीच तर लगेच पुन्हा कायमची नळी घालायची गरज नसते. मधला एक मार्ग आहे: दर चार ते सहा तासांनी बारीक नळी घालून लघवी काढायची आणि नळी लगेच बाहेर. पूर्वी हे काम पूर्ण निर्जंतुक साहित्यानंच करायचं असा दंडक होता. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं, की हात आणि नळी नीट स्वच्छ असली तरी घरच्या घरी हे सुरक्षितपणे जमतं. त्यानंतर जगभर लाखो लोकांचं आयुष्य मोकळं झालं. शिकायला दोन-तीन वेळा सिस्टरच्या देखरेखीखाली करावं लागतं. सुरुवातीला हात थरथरतो, मग जमतं. यात पिशवीला भरण्या-रिकामं होण्याचा तिचा स्वाभाविक क्रम परत मिळतो. रोज आत उरणारी लघवी मोजत गेलं की आकडा उतरताना दिसतो आणि शेवटी नळीची गरज संपते.

हेही घरी शक्य नसेल आणि पुन्हा नळी घालावी लागली, तर डॉक्टरांकडून पुढच्या प्रयत्नाची तारीख घेऊनच निघा. एक प्रयत्न फसला म्हणजे कायमचा निकाल लागला असं नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी पेशंट बसू लागलेला असतो, मलावरोध गेलेला असतो, आणि तोच प्रयत्न यशस्वी होतो. काही थोड्यांना मात्र नळी कायम लागते. त्यांना मूत्रमार्गाऐवजी ओटीपोटातून घातलेली नळी पुष्कळदा सोयीची पडते, त्याबद्दल युरोलॉजिस्टशी बोलावं.

नळी गेली, आता ओलं होतंय

इथे घरचे खचतात. नळी होती तेव्हा पलंग कोरडा होता, आता दिवसातून चार चादरी. सासऱ्यांचे कपडे बदलणाऱ्या सुनेचा, आईला उचलणाऱ्या मुलाचा थकवा मी रोज बघते. त्यांनी "परत नळी घाला" म्हटलं तर मी त्यांना दोष देत नाही. पण हे ओलं होणं म्हणजे प्रयत्न फसला असं नव्हे. पिशवी स्वतः भरतेय, स्वतः आवळतेय, म्हणजे काम सुरू झालंय. आता फक्त "थांब" परत शिकवायचं आहे, लहान मुलाला शिकवतो तसं, आणि मोठ्या माणसाचा मान राखून.

तीन दिवस वही ठेवा. किती वाजता प्यायलं, किती वाजता लघवी झाली, किती झाली, ओलं कधी झालं. तीन दिवसांत त्या माणसाचं वेळापत्रक समोर येतं. समजा सव्वादोन तासांनी ओलं होतंय, तर दोन तासांनी आपणच विचारायचं, "अण्णा, जायचंय का?" आणि ते नको म्हणाले तरी मिनिटभर बसवून बघायचं. दिवसा दर दोन तासांनी, रात्री तीन-चार तासांनी. कोरडे दिवस वाढू लागले की अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवायचं. हे काम कंटाळवाणं आहे. पण ज्या घरांनी ते महिनाभर नेटानं केलं, तिथला फरक मी पाहिला आहे.

पलंगाजवळ कमोडची खुर्ची ठेवा, चांगल्या हाताच्या बाजूला. पुरुषांनीही बसूनच लघवी करावी, उभं राहून तोल सांभाळण्यात सगळं लक्ष जातं आणि पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. नाडीचा लेंगा बाजूला ठेवून इलॅस्टिकची पँट, बायकांना पुढून उघडणारा गाऊन. रात्री पुरुषांना युरिन पॉट हाताशी. रात्री घाईनं उठून पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं ही स्ट्रोकच्या पेशंटची खरी भीती आहे, त्यामुळे छोटा दिवा चालू ठेवा.

पाणी कमी करू नका. ओलं होतं म्हणून पाणी तोडलं की लघवी गडद होते, पिशवी आणखी चिडते, पोट कडक होतं. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास नसेल तर दिवसाला दीड-पावणेदोन लिटर, त्यातलं बरंचसं संध्याकाळी सहापर्यंत. गिळताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दाट करून द्या. चहा दिवसातून दोनदा पुरे. पायावर सूज असेल तर ते पाणी रात्री आडवं झाल्यावर लघवीत उतरतं, म्हणून दुपारी पाय उशीवर घेऊन तासभर पडावं.

घाई फार असेल आणि आत लघवी उरत नसल्याची खात्री झाली असेल, तर डॉक्टर गोळी देऊ शकतात. ऑक्सिब्युटिनीनसारख्या जुन्या गोळ्यांनी वयस्करांत गोंधळलेपण, तोंडाला कोरड आणि बद्धकोष्ठ होतं. मिराबेग्रॉन वेगळ्या प्रकारचं आहे, पण त्यानं बीपी वाढू शकतं, म्हणून बीपी मोजत राहावं लागतं.

डायपर वाईट नाही. प्रवासाला, रात्रीला, घरच्यांना झोप मिळावी म्हणून तो वापरा. फक्त दिवसभर डायपर लावून "त्यातच करा" असं सांगू नका. पुरुषांसाठी बाहेरून लावायचं कंडोम कॅथेटरही मिळतं. ते आत जात नाही म्हणून जंतूंचा धोका कमी, पण रोज काढून कातडी धुवायची आणि घट्ट बसत नाही ना ते बघायचं.

वाचा गेलेल्या माणसांबद्दल एक. ती अस्वस्थ होतात, चादर ओढतात, चांगला हात ओटीपोटाकडे नेतात, आणि घरचे म्हणतात, "आज फार त्रास देतायत." आधी लघवीचं विचारा. एक आजी होत्या, उजवी बाजू गेलेली, शब्द एकही निघत नव्हता. सात आठवड्यांची नळी निघाली तेव्हा त्यांना सांगायचं कसं हा प्रश्न होता. चित्रांचं कार्ड केलं, त्यांनी ते बाजूला सारलं. मग त्यांच्या नातीनं, दुसरीतल्या मुलीनं, शाळेत बाईंना दाखवतात तशी करंगळी वर करून दाखवली. आजी बराच वेळ बघत राहिल्या. चौथ्या दिवशी मी त्यांचा पाय हलवत असताना त्यांनी माझ्या खांद्यावर टिचकी मारली आणि डाव्या हाताची करंगळी वर केली. आम्ही त्यांना खुर्चीवर बसवलं. चादर कोरडी होती.